नवा मॅक प्रो कधी येणार? थांबावं की सोडावं?

कातरकाम | ६ एप्रिल २०१७

मंडळी, परवाची बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली असेल. ॲपलने पाच पत्रकारांना आपल्या मुख्यालयाच्या गावी, क्युपर्टिनोला बोलावलं. फिल शिलर, क्रेग फेडरिगी आणि जॉन टर्नस या बड्या अधिकाऱ्यांनी समोर बसून मान्य केलं की मॅक प्रोचं, म्हणजे व्यावसायिक कामासाठीच्या त्यांच्या डेस्कटॉपचं, गणित फसलं. नवा मॅक प्रो बनतोय, तो मॉड्यूलर (भाग सुटे बदलता येणारा) असेल, सोबत ॲपलचा स्वतःचा डिस्प्लेही येईल. पण यंदा नाही. मग कधी? त्यावर मौन.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. जून २०१३मध्ये हा काळा नळकांड्यासारखा मॅक प्रो मंचावर दाखवताना शिलरने 'म्हणे आम्हाला आता नवं सुचत नाही' अशा अर्थाचा जरा शिवराळ टोला हाणला होता. डिसेंबरात तो बाजारात आला. २५ सेंटिमीटर उंची, आत इंटेलचा झिऑन प्रोसेसर, एएमडीची दोन फायरप्रो ग्राफिक्स कार्डं, डोक्यावर एकच पंखा. लोकांनी बारसं केलं 'कचऱ्याचा डबा'. त्यानंतर कंपनीने त्याला हात लावलेला नाही. आज २०१७मध्येही आत तोच आयव्ही ब्रिज पिढीचा झिऑन, जोडणीला तेच थंडरबोल्ट २, आणि किंमतही तीच, २,९९९ डॉलरपासून पुढे. परवा इतकंच झालं की त्या २,९९९मध्ये आता चारऐवजी सहा कोअर मिळणार आणि ३,९९९मध्ये आठ.

माझ्याकडे त्याच्या आधीचा, २०१०चा जाळीदार ॲल्युमिनियमचा आहे, टोपणनाव 'खिसणी'. अंधेरीतल्या छोट्याशा एडिट रूममध्ये अजून ठणठणीत चालतोय. रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड सगळं बाजू उघडून स्वतः बदललंय. पण आता ४केचं काम यायला लागलंय आणि रेंडरला लावून चहा प्यायला जावं तर चहाबरोबर जेवणही होतं.

थांबू, की एचपी-डेलकडे जाऊ? ॲपलचं संकलनाचं सॉफ्टवेअर फायनल कट सोडायचं म्हणजे प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फुकटफौजदार | ६ एप्रिल २०१७

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर उद्या. तूर्त एवढंच: ज्यांची सगळी दिवाळी आयफोनवर साजरी होते त्यांच्याकडून वर्कस्टेशनची आशा धरणाऱ्यांना माझा साष्टांग दंडवत.

मिनीपंथी | ७ एप्रिल २०१७

तुमचं बरं आहे, तुमच्यासाठी निदान पाच पत्रकार तरी बोलावले. आम्ही मॅक मिनीवाले कुणाच्या खिजगणतीत नाही.

मिनी शेवटचा आला ऑक्टोबर २०१४मध्ये, आणि तोही २०१२च्यापेक्षा काही बाबतीत मागे. २०१२च्या मिनीत चार कोअरचा आय-७ मिळायचा, २०१४मध्ये दोनच कोअर. आधी खालचं झाकण फिरवून रॅम घालता यायची, आता ती बोर्डावरच डकवलेली. आयफोनचं ॲप बनवायचं तर एक्सकोड लागतो, एक्सकोडला मॅक लागतो, आणि मॅकमध्ये सगळ्यात स्वस्त मिनी. त्यामुळे पुण्यातल्या माझ्यासारख्या एकट्यादुकट्या डेव्हलपरला दुसरा रस्ता नाही. सध्या वापरलेला २०१२चा चार कोअरवाला शोधतोय. लोक त्याची किंमत सांगताना सोन्याचा भाव बघून सांगतात.

सॅनहोजेकर | ७ एप्रिल २०१७

(आधीच सांगतो, मी ॲपलमध्ये नाही. बे एरियातला प्रत्येक मराठी माणूस ॲपलमध्येच असतो असा आपल्याकडे समज आहे.)

कातरकाम, हा मॅक प्रो अडकला कसा ते समजलं तर थांबायचं की नाही ते ठरवायला सोपं जाईल. त्या नळकांड्याच्या आत मधोमध त्रिकोणी उष्णताशोषक आहे. त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, उरलेल्या दोन बाजूंना एकेक ग्राफिक्स कार्ड. तीन चुलींना मिळून एकच धुराडं. तिन्ही सारख्या पेटल्या तर झकास चालतं. ॲपलचा अंदाज होता की पुढची सॉफ्टवेअर्स दोन मध्यम कार्डांवर काम वाटून घेतील. झालं उलटं. सगळा धंदा एकाच मोठ्या, भरपूर वीज खाणाऱ्या कार्डाकडे गेला आणि तसं कार्ड या रचनेत बसवणं शक्यच नव्हतं. अख्ख्या यंत्राचा वीजपुरवठाच ४५० वॉटचा. फेडरिगी परवा म्हणाला ते हेच, की उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःलाच कोपऱ्यात गाठून घेतलं.

इंटेलवर खापर फोडणाऱ्यांसाठी: २०१४मध्ये हॅसवेल पिढीचे झिऑन आले तेव्हा एचपीने त्यांच्यावर झेड८४० हे वर्कस्टेशन काढलं. चिप होत्या. ॲपलला त्यासाठी नवा बोर्ड करावा लागला असता, आणि कार्डांचा तिढा सुटत नाही तोवर बोर्डावर खर्च कोण करणार?

फुकटफौजदार | ७ एप्रिल २०१७

आलो. सॅनहोजेकरांनी यंत्राचं शवविच्छेदन केलंच आहे, मी घराण्याचा इतिहास सांगतो. ॲपलचा सर्व्हर एक्ससर्व्ह २०१०मध्ये बंद केल्याची घोषणा. २०११मध्ये फायनल कट प्रो एक्स आणलं तेव्हा त्यात मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र संकलन) नव्हतं, एक्सएमएल (प्रोजेक्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची सोय) नव्हतं, आणि जुनं फायनल कट स्टुडिओ त्याच दिवशी विक्रीतून काढलं. २०१४मध्ये फोटोंचं सॉफ्टवेअर ॲपर्चर सोडून दिलं. गेल्या वर्षी थंडरबोल्ट डिस्प्ले बंद केला आणि एलजीचा घ्या म्हणाले. यातल्या प्रत्येक वेळी कुणीतरी 'आता काहीतरी मोठं येतंय' म्हणून थांबलेलं होतंच.

मी हॅकिन्टोश बांधलाय, म्हणजे साध्या पीसीवर मॅकची सिस्टिम. आय-७ ७७००के प्रोसेसर, सिस्टिम सुरू करून द्यायला क्लोव्हर, मस्त चालतोय. एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी मॅकचे बीटा ड्रायव्हर देणार असं कालच जाहीर केलंय. नुसता योगायोग म्हणायचा. त्यातलं १०८० टाकणार आणि तुमच्या वाट बघण्याकडे गंमत म्हणून बघणार.

निळीशाई | ८ एप्रिल २०१७

फुकटफौजदार, धंद्यासाठी हॅकिन्टोश? उद्या अपडेट आला आणि मशीन उठलंच नाही तर गिऱ्हाईकाला काय सांगणार, क्लोव्हर रुसला म्हणून?

कातरकाम, मी मांडणीचं काम करते, पुस्तकं आणि दिवाळी अंक. मी गेल्या वर्षी विंडोजवर गेले. पूर्वी मॅकला धरून बसायला कारणं होती. आता इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर आहे, युनिकोड देवनागरी दोन्हीकडे सारखंच जुळतं, जोडाक्षरं तुटत नाहीत. मग खालचं यंत्र कुणाचं आहे याने मला फरक पडत नाही. तुमचं कामच जर फायनल कटमध्ये अडकलं असेल तर तुमची वाट वेगळी. पण आधी ते तपासा. कित्येकदा आपण सवयीलाच गरज म्हणतो. आणि थांबण्याचेही पैसे लागतात, फक्त त्याचं बिल कुणी पाठवत नाही.

स्वरमेळ | ८ एप्रिल २०१७

निळीशाई +१, पण आवाजाच्या धंद्यात गणित जरा निराळं आहे. आमच्याकडे ध्वनिमुद्रणाच्या प्रो टूल्स सॉफ्टवेअरची एचडीएक्स कार्डं आहेत. ती यंत्राच्या आतल्या पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे कार्डांच्या खाचांमध्ये बसतात. खिसणीत चार स्लॉट होते, डब्यात एकही नाही. म्हणजे कार्डं बसवायची बाहेरची पेटी, थंडरबोल्टची चेसिस, वेगळी घ्या, तिचा पंखा वेगळा, वायर वेगळी. ज्या यंत्राचं कौतुक 'बघा किती छोटं' म्हणून झालं, ते आमच्या टेबलावर येईपर्यंत आधीच्यापेक्षा जास्त जागा खायला लागलं. दादरच्या आमच्या खोलीत मशीन लहान असावं अशी मागणी कधी कुणी केली नव्हती. आवाज करू नये एवढीच होती, आणि त्याबाबतीत डबा खरंच उत्तम आहे. श्रेय द्यायला हवं तिथे देतो.

नाना | ८ एप्रिल २०१७

चर्चा वाचतोय, निम्मी डोक्यावरून गेली. मला मराठी टंकलेखन, ईमेल आणि नातवाशी व्हिडिओवर बोलणं यासाठी मॅक घ्यायचाय. मॅक प्रो येईपर्यंत थांबू का?

निळीशाई | ८ एप्रिल २०१७

नाना, अजिबात थांबू नका. तुमच्या कामाला साधा आयमॅक घ्या, पडदा मोठा आहे, डोळ्यांना बरं.

कातरकाम | ९ एप्रिल २०१७

सगळ्यांचे आभार. एक समजत नाही. ॲपल पुढचं कधीच सांगत नाही, मग या वेळी कसं काय सांगितलं?

सॅनहोजेकर | ९ एप्रिल २०१७

कारण न सांगण्याचा तोटा सांगण्याच्या तोट्यापेक्षा मोठा व्हायला लागला. एरवी गप्प बसायचं कारण जुनं आहे. १९८३मध्ये ऑस्बोर्न या संगणक कंपनीने पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली, लोकांनी चालू मॉडेल घेणं थांबवलं आणि कंपनी बुडाली, अशी कथा या धंद्यात सांगतात. मॅक प्रोच्या बाबतीत ती भीती उरलेली नाही, कारण चालू मॉडेल फार कुणी घेतच नाही. शिलरनेच सांगितलं की मॅकच्या विक्रीत ८० टक्के लॅपटॉप, २० टक्के डेस्कटॉप, आणि मॅक प्रोचा वाटा एक आकडी टक्क्यात. पण त्या मूठभरांमध्ये मॅक आणि आयफोनची सॉफ्टवेअर्स लिहिणारे, चित्रपट कापणारे, गाणी मिसळणारे येतात. ते विंडोजवर गेले की बाकीचेही हळूहळू जातात.

माझं मत: थांबा, पण हात बांधून नको. खिसणीत जीव आहे.

कातरकाम | ७ जून २०१७

धागा वर काढतो. ॲपलने आयमॅक प्रो दाखवला. १८ कोअरपर्यंत, ५के पडदा, ४,९९९ डॉलरपासून, डिसेंबरात येणार. कुणी घेणार का?

स्वरमेळ | ७ जून २०१७

पडदा चिकटलेला, रॅमची खिडकी बंद, स्लॉट नाही. यंत्र जोरकस आहे यात वाद नाही. पण पडदा दहा वर्षं टिकतो आणि यंत्र पाच, ते दोन्ही एकत्र का विकत घ्यायचं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मिनीपंथी | ७ जून २०१७

मिनीचा म सुद्धा नाही. १ जुलैपासून जीएसटी आहे, त्याआधी दुकानदार जुना माल सवलतीत काढतायत. २०१४चा मिनी सवलतीत घेणं म्हणजे शिळं स्वस्त मिळालं म्हणून आनंद मानणं. नाही घेतला.

मिनीपंथी | २३ ऑक्टोबर २०१७

एका ग्राहकाने ॲपलच्या मुख्याधिकाऱ्याला, टिम कुकला ईमेल केलं आणि चक्क उत्तर आलं. मिनी पुढेही आमच्या यादीत महत्त्वाचा असेल, तपशील सांगायची वेळ अजून आलेली नाही, असं. आम्ही हे वाक्य छापून मॉनिटरला चिकटवलंय.

फुकटफौजदार | २३ ऑक्टोबर २०१७

हसून हसून पुरेवाट. फ्रेम करा, हार घाला.

कातरकाम | ६ एप्रिल २०१८

बरोबर वर्ष झालं आणि नवी तारीख पडली. ॲपलने टेकक्रंच या संकेतस्थळाला मुलाखत दिलीय: मॅक प्रो २०१९मध्ये. कारण असं की ॲपलने संकलक, संगीतकार, थ्रीडीवाले अशा लोकांना आत नोकरीला घेऊन एक गट केलाय, आणि ते खरं काम करताना कुठे अडतात ते बघून यंत्र ठरवतायत.

कल्पना चांगली आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. पण हे २०१३च्या आधी करायचं होतं. आम्हाला नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं, फुकट सांगितलं असतं.

दरम्यान मी खिसणीत दोन एक्स५६९० प्रोसेसर बसवले, मिळून बारा कोअर. जुन्या सर्व्हरांमधून निघालेले हे प्रोसेसर आता स्वस्तात मिळतात. ॲलन की, थर्मल पेस्ट आणि थोडा धीर एवढंच लागतं.

फुकटफौजदार | २ ऑक्टोबर २०१८

मॅकओएसची नवी आवृत्ती मोहावे आलं. एनव्हिडियाचे ड्रायव्हर नाहीत. १०८० आता आधीच्या हाय सिएरावरच. कुणी काही बोलायचं नाही.

निळीशाई | २ ऑक्टोबर २०१८

आम्ही कुठे काय बोललो?

कातरकाम | २ ऑक्टोबर २०१८

खिसणीवर मोहावे चालतं, फक्त मेटल (ॲपलची ग्राफिक्स प्रणाली) जमणारं कार्ड हवं. मी रेडिऑन आरएक्स ५८० टाकलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, साध्या पीसीचं कार्ड असेल तर चालू होतानाचा पडदा दिसत नाही, थेट लॉगिनच येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मशीन गेलं. म्हणून जुनं कार्ड फेकू नका.

मिनीपंथी | ३१ ऑक्टोबर २०१८

मिनी आला!!! ब्रुकलिनला काल दाखवला. चार आणि सहा कोअर, रॅम पुन्हा सुटी, ६४ जीबीपर्यंत, रंग काळपट राखाडी, हवं तर १० गिगाबिट इथरनेट.

आणि किंमत ७५,९०० रुपये. तिकडे अमेरिकेतही ४९९ डॉलरची ७९९ झाली. त्यात एसएसडी १२८ जीबीच. एक्सकोड आणि दोनचार सिम्युलेटर टाकले की जागा संपली. बाहेरची डिस्क लावूच, पण जो 'स्वस्तात मॅक' म्हणून आम्ही धरून बसलो होतो तो त्या किमतीला परत आलेला नाही. तरी घेतोय. रॅम आठच घेणार आणि बाहेरून वाढवणार, ॲपलच्या दराने रॅम घेणं परवडत नाही.

नाना | १ नोव्हेंबर २०१८

अभिनंदन. माझा आयमॅक छान चाललाय. नातवाला मी हल्ली मोठा दिसतो म्हणे.

कातरकाम | ४ जून २०१९

ॲपलचा कार्यक्रम काल रात्री जागून बघितला. नवा मॅक प्रो: २८ कोअरपर्यंत, दीड टीबीपर्यंत रॅम, आठ पीसीआय स्लॉट, झाकण वर उचललं की चहूबाजूंनी मोकळा. जाळीदार तोंडवळा, म्हणजे पुन्हा खिसणीच. जे मागितलं ते सगळं दिलं.

किंमत ५,९९९ डॉलरपासून. त्यात आठ कोअर, ३२ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड रेडिऑन प्रो ५८०एक्स. म्हणजे माझ्या नऊ वर्षं जुन्या यंत्रात आत्ता जे कार्ड आहे त्याचाच भाऊ. डिस्प्ले ४,९९९चा, आणि त्याचा स्टँड वेगळा ९९९ डॉलरला. स्टँडची किंमत सांगितली तेव्हा सभागृहातच कुजबुज उठली.

फुकटफौजदार | ४ जून २०१९

स्टँडचा आकडा ऐकून मी आवाज वाढवला, वाटलं ऐकण्यात चूक झाली.

सॅनहोजेकर | ४ जून २०१९

यंत्र म्हणून उत्तम आहे, पण ते कुणासाठी आहे हे किमतीवरून स्पष्ट दिसतं. २००६ ते २०१२चा मॅक प्रो एकट्या माणसाला ओढूनताणून का होईना घेता यायचा. आधी कमी पैशात घ्यायचा, मग वर्षावर्षाला भर घालायची. २०१९चा आहे तो मोठ्या स्टुडिओंसाठी, जिथे खरेदीची सही करणारा आणि यंत्रावर बसणारा वेगळा असतो. छोट्यांनी आयमॅक घ्यावा असं ॲपलने ठरवलेलं दिसतं. धंदा म्हणून त्यात चूक नाही. फक्त २०१७मध्ये त्या खोलीत जे आश्वासन दिलं ते ऐकणाऱ्यांत छोटेच जास्त होते.

स्वरमेळ | ५ जून २०१९

आमच्या स्टुडिओच्या मालकांनी लगेच आकडेमोड सुरू केली. तीन एचडीएक्स कार्डं आत बसतील, चेसिस जाईल. स्लॉटसाठी एवढे पैसे देणारे आम्हीच.

कातरकाम | १२ डिसेंबर २०१९

मॅक प्रोची परवापासून विक्री सुरू. चाकं हवी असतील तर ४०० डॉलर जास्त. सगळं भरून घेतलं तर आकडा ५० हजार डॉलरच्या वर जातो.

मी निर्णय घेतला. एका ओळखीच्याकडून एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं मशीन बांधून घेतलं, रिझॉल्व्हवर गेलो. पहिले काही आठवडे बोटं फायनल कटचेच शॉर्टकट दाबत होती. पण रंगकाम आणि संकलन एकाच ठिकाणी होतं ही सोय मोठी आहे. खिसणी ठेवलीय, जुने प्रोजेक्ट उघडायला. मॅकओएसची नवी आवृत्ती कॅटालिना तिच्यावर अधिकृतपणे चालत नाही, मग राहू दे मोहावेवरच.

मिनीपंथी | १८ नोव्हेंबर २०२०

ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा मिनी. ६४,९०० रुपये. कित्येक वर्षांनी मिनीची किंमत खाली आलेली बघितली. माझ्या २०१८च्या सहा कोअरवाल्यापेक्षा बिल्ड लवकर होतंय आणि पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. रॅम मात्र पुन्हा गेली, आता ती चिपच्या शेजारीच बसवलेली, १६च्या वर मिळतच नाही.

फुकटफौजदार | १८ नोव्हेंबर २०२०

इंटेलच गेलं म्हणजे हॅकिन्टोशही काही वर्षांचाच सोबती. मी लिनक्सवर राहायला गेलोय. इथे कुणी कुणाची वाट बघत नाही, रोज काहीतरी बिघडतं आणि आपणच दुरुस्त करतो.

सॅनहोजेकर | ६ जून २०२३

धागा वर. दोन वर्षांत सगळे मॅक स्वतःच्या चिपवर नेऊ म्हणाले होते, मॅक प्रोला तीन लागली. एम२ अल्ट्रा चिप, ६,९९९ डॉलर. पेटी तीच २०१९ची. स्लॉट आहेत, पण त्यात ग्राफिक्स कार्ड चालणार नाही. मेमरी जास्तीत जास्त १९२ जीबी, जिथे आधीचा दीड टीबी घ्यायचा. हाच एम२ अल्ट्रा मॅक स्टुडिओ या छोट्या डेस्कटॉपमध्ये ३,९९९ला मिळतो. म्हणजे मधले तीन हजार डॉलर स्लॉटचे आणि पेटीचे.

आता हे कुणाला लागतं ते सांगा. थ्रीडीवाल्याला कार्ड हवं, ते नाही. संकलकाला मॅक स्टुडिओ पुरतो. उरले आवाजवाले आणि ज्यांना व्हिडिओ इनपुटची किंवा वेगवान स्टोरेजची कार्डं लागतात ते. कंपनीला हे दिसत नसेल असं मला वाटत नाही. यापुढे मॅक प्रोची वाट बघू नका, असं मी तरी सांगेन.

स्वरमेळ | ६ जून २०२३

आवाजवाला हजर. पण आम्हीही मॅक स्टुडिओच घेतोय. तीन हजार डॉलरमध्ये चेसिस येते आणि वर पैसे उरतात. मालकांनी २०१९चा मॅक प्रो घेतल्यावर जुनी चेसिस मी विकायला काढली होती. नशिबाने गिऱ्हाईक आलं नाही. आता तीच धुऊनपुसून वापरायची. तिच्यातला पंखा तेवढा बदलावा लागेल, फार घोंघावतो. कुणाला शांत पंख्याचा अनुभव आहे का? ८० मिमीचा आहे.

कातरकाम | ७ जून २०२३

पंखा घेण्याआधी जुन्याच्या मागचा व्होल्टेज आणि पिनांची संख्या बघून ठेवा, काही चेसिसना वेग कळवणारी तिसरी तार लागते, नसली तर चालूच होत नाहीत. माझ्याकडे खिसणीसाठी आणलेले दोन कोरे पडून आहेत, मापात बसले तर घेऊन जा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.